रबरावर रंग मारण्याआधी

पाऊस तोंडावर आला की मिरजेत घरोघरी माळ्यावरच्या वस्तू खाली उतरतात. गमबूट, रबरी मुठीची मोठी बॅटरी, रबराच्या वेष्टणातली दुर्बीण, दांडोबाच्या डोंगरावर नेलेली काठी. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या लोकांना ही तयारी शिकवावी लागत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकलं, की पहिला हात बॅटरीकडे जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा वेळी रात्रीच्या अंधारात काळी बॅटरी, काळे बूट चटकन सापडत नाहीत. म्हणून अनेकजण केशरी किंवा पिवळ्या स्प्रेचा डबा आणून सगळ्यावर फवारा मारतात. हेतू चांगलाच आहे. पण आठवडा उलटला तरी रंग चिकट राहतो, त्यावर बोटांचे ठसे उमटतात, धूळ आणि केस बसतात आणि चांगली वस्तू हातात धरवत नाही.

यात दोष बहुतेक वेळा रंगाचा नसतो, पावसाळी हवेचाही पूर्ण नसतो. तो खालच्या रबरात असतो. म्हणून कळकळीची विनंती, की लोखंडी गेटावर मारतो तसा रंग रबरावर मारू नका. आणि ज्या रबरावर तुमचा जीव अवलंबून आहे, त्याला तर रंग लावूच नका.

कारण समजलं की पुढचं सोपं जातं. बाजारात मिळणारे गमबूट बरेचदा पीव्हीसीचे असतात. ते मऊ राहावेत म्हणून त्यांत तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. हे द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येतं, वर रंग असेल तर रंगात शिरतं आणि त्याला कायमचं मऊ करून ठेवतं. खऱ्या रबरातही ऊन-वाऱ्याने तडे जाऊ नयेत म्हणून मेण आणि हवेतल्या प्राणवायूला अडवणारी रसायनं घातलेली असतात. इनॅमल रंग तर प्राणवायू घेऊनच वाळतो. म्हणजे रंगाला जे हवं, तेच अडवणारा माल खाली बसलेला. तिसरी गोष्ट थिनरची. स्प्रेमधलं द्रावण रबरात मुरतं, रबर फुगतं आणि ते द्रावण दिवसेंदिवस थोडं थोडं बाहेर सोडत राहतं. वरून साय धरल्यासारखा रंग दिसतो, पण आतला थर ओलाच.

जुन्या बॅटरीची मूठ आपोआप चिकट झाली असेल, तर तो प्रकार वेगळा. कडक प्लॅस्टिकवर मखमली स्पर्शासाठी दिलेला पातळ लेप दमट हवेत काही वर्षांनी विघटित होतो. त्यावर रंग मारणं म्हणजे चिखलावर चुना देणं. सेल काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने तो लेप पुसून टाका. वेळ लागतो, पण खाली टणक प्लॅस्टिक निघतं आणि ते सरळ वापरता येतं.

रंग लावायचाच असेल तर वस्तू आधी भांड्यांच्या साबणाने घासून धुवा, पूर्ण वाळू द्या. मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत हलकं घासा आणि अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. थिनरने पुसू नका, पृष्ठभाग मऊ होतो. त्यानंतर प्लॅस्टिकसाठीचा प्रायमर. आपल्याकडे डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात गाड्यांचे बंपर रंगवताना तो वापरतात, आणि वाकणाऱ्या भागांसाठी रंगात लवचिकपणा आणणारं द्रव्यही घालतात. त्या कारागिराला वस्तू दाखवून विचारा. गमबुटासारखी सतत दुमडणारी वस्तू असेल, तर साधा रंग वाळूनही घडीवर तडकणारच, हे धरून चाला.

डबा आतली गोळी मोकळी वाजायला लागल्यावरही दोनेक मिनिटं हलवत राहा. वीतभरापेक्षा जरा जास्त अंतरावरून धुक्यासारखा पातळ हात द्या. पहिल्या हातात खालचं काळं दिसलंच पाहिजे. ते झाकायची घाई करणारा माणूसच पुढे चिकटपणाची तक्रार करतो. दोन हातांमध्ये किती थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, ते वाचा. या बाबतीत आपल्या सतारमेकर गल्लीकडे बघावं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तंबोऱ्याला पॉलिश करायचं म्हणजे पातळ हातावर पातळ हात, आधीचा वाळल्याशिवाय पुढचा नाही. हवेत ओल असेल तर ते पॉलिश पांढुरकं पडतं, कारण उडून जाणारं स्पिरिट पृष्ठभाग थंड करतं आणि त्यावर दव धरतं. स्प्रेच्या रंगालाही हाच त्रास होतो.

म्हणूनच जून-जुलैच्या घाईत हे काम काढू नका. दसरा होऊन हवा कोरडी झाली की दिवाळीपर्यंतचे दिवस उत्तम. सकाळी उशिरा, सावलीत, वारा खेळता असेल अशा जागी. एप्रिल-मेच्या कडक उन्हात वाळवायला ठेवलं तर वरची कातडी आधी धरते आणि आतलं द्रावण कोंडून बुडबुडे येतात. आणि पूर्ण वस्तू रंगवण्याआधी आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर रंग मारून दोन-तीन दिवस वाट बघा. नख रुतलं तर तो रंग त्या रबरासाठी नाही, तिथेच थांबा. आधीच चिकट झालेल्या वस्तूवर आणखी एक हात देऊ नका, पावडरही फासू नका. आठवडाभर हवेशीर जागी ठेवा. तरीही चिकट असेल तर रंग काढूनच टाकावा लागतो.

पण अंधारात वस्तू दिसावी एवढंच हवं असेल, तर रंगाची गरजच काय? नंबरप्लेटच्या दुकानात मिळणारी रेडियमची पट्टी बॅटरीच्या टणक भागावर गुंडाळा. उजेड पडताच ती लांबून चमकते आणि उद्या काढताही येते. मूठ ओळखू यावी म्हणून सायकलच्या हँडलची रंगीत टेप पुरते. मला हाच मार्ग सर्वांत पटतो.

आता ज्यांना रंग लावू नये त्यांच्याविषयी. हेल्मेटला नको, कारण थिनर त्याचं कवच आतून कमजोर करू शकतं आणि ते वरून दिसत नाही. लाइफ जॅकेटला नको, त्याचं कापड, शिलाई आणि फोम खराब होऊ शकतो. गिर्यारोहणाच्या दोराला नको. वायरमनच्या रबरी हातमोज्यांना अजिबात नको, त्यांचं रबर शाबूत आहे म्हणून विजेपासून बचाव होतो. स्वयंपाकघरातली केशरी गॅसची नळीही तशीच ठेवा. रंगाखाली तिचे तडे झाकतात आणि तिच्यावर छापलेली मुदतही दिसेनाशी होते.

फवारणी करताना तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, वाफ रुमालातून आत जाते. रंगकामासाठीचा कार्बनचा मास्क घ्या आणि काम उघड्यावरच करा. पेटता गॅस, देवघरातला दिवा, उदबत्ती जवळ नको. डबा बंद गाडीत उन्हात ठेवू नका, ५० अंशांपुढे तो फुटू शकतो. रिकामा डबा जाळू नका, भोसकूही नका, आणि लेकरांच्या हाती खेळायला देऊ नका.