सायलेन्सर कुठे हवा?

गेल्या रविवारी संध्याकाळी नातवाबरोबर जुहू चौपाटीवर गेले होते. खरं म्हणजे तो मला घेऊन गेला होता, कारण वाळूत चालायचं म्हटलं की माझे गुडघे हल्ली माझं ऐकत नाहीत. भेळ झाली, आणि नेहमीप्रमाणे फुगे फोडायच्या फळीपाशी थांबलो. त्याने छर्ऱ्याची बंदूक खांद्याला लावून दहापैकी सात फुगे फोडले. मी टाळ्या वाजवल्या. तो मात्र तोंड वाकडं करून म्हणाला, "आजी, हिच्यात काही दम नाही. रिकॉइलच नाही हिला."

घरी आल्यावर त्याने बॅगेतून वही काढली. हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोबाईलवर बंदुकांचा तो प्रसिद्ध खेळ खेळतो, सगळीच पोरं खेळतात. त्या खेळात बंदुकीच्या नळीच्या टोकाला एकच जोड बसतो. आवाज दाबणारा लावा, नाहीतर धक्का कमी करणारा लावा. आमच्या चिरंजीवांना दोन्ही हवे होते, म्हणून सायलेन्सरवर बसेल असा धक्का कमी करणारा तुकडा त्याने स्वतःच कागदावर काढला होता. चित्र सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? "आजी, आवाज पण नाही आणि धक्का पण नाही!" तो इतका खूश होता की मी त्या दिवशी काही बोलले नाही. नुसतं "छान काढलंयस" म्हटलं.

तेव्हा बोलले नाही ते आज लिहिते आहे. मला ते छान वाटलं नाही.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई. जन्म गेला मराठी आणि इतिहास शिकवण्यात. बंदुकीवर बोलायचा माझा अधिकार काय, असं कुणी विचारेल. पण शाळेत एक शिकले होते, की ज्याला विरोध करायचा ते आधी समजून घ्यावं. म्हणून चार दिवस नातवाचं डोकं खाल्लं, थोडं वाचलं, आणि मला जे कळलं ते माझ्या भाषेत सांगते.

न्यूटनचा तिसरा नियम आठवतोय ना? समजा गोळी ४ ग्रॅमची आहे आणि सेकंदाला ९०० मीटर वेगाने निघाली. रायफल ४ किलोची. म्हणजे गोळीच्या हजारपट जड. मग ती गोळीच्या हजाराव्या हिश्शाने, सेकंदाला ०.९ मीटर वेगाने मागे यायला बघते. शिवाय गोळीच्या मागून गरम वायूचा लोट सुटतो, त्याचा धक्का वेगळा. गोळीचा हिशेब कुणाला चुकवता येत नाही. युक्ती चालते ती फक्त या वायूवर. नळीच्या टोकाला भोकं असलेला तुकडा लावून वायू बाजूला किंवा थोडा मागे वळवला, की तो बंदुकीला पुढे ओढतो आणि खांद्यावरचा धक्का कमी होतो. त्याला म्हणतात मझल ब्रेक. सायलेन्सर त्याच वायूला डब्यातल्या कप्प्यांत अडवतो, थंड करतो आणि हळूहळू सोडतो, म्हणून आवाज घटतो. वायू सावकाश सुटतो आणि पुढे वजनही वाढतं, त्यामुळे थोडाफार धक्काही कमी होतो.

आता गंमत बघा. ब्रेकला काम करायला जोरात सुटणारा वायू हवा, आणि सायलेन्सरला तो जोरात सुटायलाच नको. डब्यातून दमून बाहेर पडलेल्या वायूवर पुढचा ब्रेक काय ओढणार? आणि वायू बाजूने मोकळा सोडला तर डबा लावलाच कशाला? एकच रुपया दोन दुकानांत खर्च करायचा हा प्रकार आहे. ब्रेक उडवणाऱ्याच्या खांद्याला सुख देतो, पण शेजारी उभ्या असलेल्याच्या कानांवर जास्त दणका घालतो. माझं सुख, तुझे कान! आपल्या सोसायट्यांतसुद्धा हेच चालतं, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

माझा राग मात्र पोरावर नाही. तो हे शिकला कुठून? आम्ही जुहूचे लोक. कुणाच्या ना कुणाच्या बंगल्यासमोर रोज गर्दी असते, ती सिनेमावाल्यांना बघायला. आणि पडद्यावर काय दिसतं? नायक एका हाताने रायफल चालवतो, खांदा जागचा हलत नाही. खलनायक पिस्तुलाला नळकांडं लावतो, 'फुस्' असा आवाज होतो आणि शेजारच्या खोलीतला माणूस झोपलेलाच राहतो. हे सगळं खोटं आहे, मंडळी. रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो. चांगला सायलेन्सर त्यातून वीस ते पस्तीस कमी करतो. म्हणजे उरतो तोही रस्ता फोडणाऱ्या यंत्राच्या वर. शिवाय आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर आणि गोळी त्याच्या अडीचपटीहून जास्त वेगात. ती हवेत जो कडाका करत जाते त्याला नळीवरचा डबा काहीही करू शकत नाही. पन्नास वर्षं आपण पोरांना बिनआवाजाची, बिनधक्क्याची बंदूक दाखवली. आता त्यांनी ती वहीत काढली तर आश्चर्य कसलं?

इतिहासाची बाई आहे, तेव्हा एका बापलेकाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हा मूळचा अमेरिकन, पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झाला. त्याने १८८४ च्या सुमारास बंदुकीचा हा धक्काच कामाला लावला. मागे येणाऱ्या जोरावर रिकामं काडतूस बाहेर पडेल आणि नवं आत बसेल, अशी मशीनगन केली. साम्राज्यांनी ती आफ्रिकेत वापरली, १९०४ साली तिबेटमध्ये वापरली. समोर लोक रांगेने पडत होते आणि मागच्याला फक्त चाप दाबून धरायचा होता. स्वतः मॅक्सिम म्हातारपणी या आवाजांनी ठार बहिरा झाला. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम. त्याने १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं. बापाने धक्का वापरून घेतला, लेकाने आवाज दाबला. माझ्या नातवाने दोघांची बेरीज केली इतकंच.

आता दुसरी बाजू. ती न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. सैनिकाचे कानही कानच आहेत. १४० डेसिबलच्या पुढचा एकेक बार कायमचं बहिरेपण देऊ शकतो. त्याला सायलेन्सर दिला तर माझी तक्रार नाही. तोफेलाही ब्रेक लागतोच, नाहीतर धक्का सोसायला गाडा कितीतरी जड करावा लागेल. पुण्याला पाषाणला संरक्षण खात्याची शस्त्रं तयार करणारी संशोधन संस्था आहे, एआरडीई. तिथे खासगी कारखान्यांच्या साथीने 'अ‍ॅटॅग्स' ही १५५ मिलिमीटरची तोफ विकसित झाली. तिच्या नळीच्या टोकाला असाच मोठा ब्रेक आहे. १५ ऑगस्ट २०२२ ला लाल किल्ल्यावरच्या एकवीस तोफांच्या सलामीत ती वाजली. मार्च २०२५ मध्ये अशा ३०७ तोफांचा करार झाला. मला तिचा अभिमान आहे. पण ती तोफ कुणाच्या हुकमाने उडते, त्याची नोंद कुठे होते, जबाब कोण देतं, हे सगळं ठरलेलं आहे. चौपाटीवरून परतणाऱ्या पोराला हे काही ठरलेलं नसतं.

आणि खेळ म्हणाल तर खऱ्या खेळाचं बघा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं. त्या स्पर्धेच्या नियमांत रायफलीला मझल ब्रेक किंवा तसं काम करणारी कुठलीही वस्तू लावायला बंदी आहे. त्या छोट्या काडतुसाचा जो काही धक्का असेल तो स्वतःच्या खांद्याने, श्वासाने आणि सरावाने सांभाळायचा. मोबाईलमधल्या पोरांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

पण मुद्दा हाही नाही. मुद्दा सांगायला मला माझ्या आजोळी जावं लागेल.

कोकणात आमच्या मामाकडे ठासणीची बंदूक होती. परवान्याची, पिकाच्या राखणीसाठी. रात्री बार झाला की अख्खी वाडी जागी व्हायची आणि अंगणातूनच आरोळी यायची, "कुणाचा रे बार?" उत्तर द्यावंच लागे. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन. एका रात्री डुकरांनी भातात धुमाकूळ घातला होता. मामाने हालचाल बघून बार काढला. ते डुक्कर नव्हतं. शेजारचा गडी होता, तोही राखणीलाच आलेला. मांडीत छर्रे घुसले. पण बार ऐकून चारही बाजूंनी कंदील घेऊन माणसं धावली, त्याला डोलीत घालून नेलं, आणि तो वाचला. पुढे कित्येक वर्षं तो मामाकडे चहाला येत होता, एका पायाने ओढत.

दुसऱ्या दिवशी मामी मामाच्या खांद्याला हळद-तेल लावत होती. खांदा काळानिळा पडला होता. घाईत दारू जास्त ठासली गेली होती. मामा म्हणाला, "असूं दे. दुखूं दे." त्यानंतर त्याने बंदूक हातात धरली नाही. पोलीस ठाण्यात जमा करून टाकली.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. बंदुकीचा धक्का म्हणजे उडवणाऱ्याला तिथल्या तिथे मिळणारी जाणीव, की तू काहीतरी केलंस. आणि आवाज म्हणजे बाकीच्यांना मिळणारी खबर, की कुणीतरी काहीतरी केलं. या दोन गोष्टी काढून टाकल्या की काय उरतं? फक्त समोरचं भोक. ते मात्र कुठलाही जोड लावून लहान होत नाही. गोळी तेवढीच, वेग तेवढाच. कमी होतं ते फक्त करणाऱ्याचं दुखणं आणि शेजाऱ्याचं ऐकणं. ही सुधारणा नव्हे.

मुंबईकराला हे सांगायला नको. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पहिल्या गोळ्या ऐकून कित्येकांना फटाके वाटले. १२ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याच्या रात्री, वांद्र्याला बाबा सिद्दीकींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हाही आसपास फटाके वाजत होते. आवाज झाकला गेला की मारेकऱ्याचं फावतं. शहराला आधीच नीट ऐकू येत नाही, त्यात आणखी बोळे कशाला?

आपल्या शस्त्र नियमांनी ही गोष्ट ओळखलेली आहे. बंदुकीचा आवाज किंवा ज्वाळा कमी करणारे जोड त्यांनी शस्त्रांच्याच यादीत धरले आहेत. नळकांडं म्हणजे नुसतं नळकांडं, असं कायदा मानत नाही. अमेरिकेत १९३४ पासून सायलेन्सरवर २०० डॉलर कर होता. १ जानेवारी २०२६ पासून तो शून्य करणारा कायदा २०२५ साली झाला. त्यांचं ते बघून घेतील. आपल्याकडे कुणी त्यांचा कित्ता गिरवू नये, एवढंच माझं मागणं.

आणि आता शेवटचं, नातवासाठी.

बाळा, तुझ्या आजीच्या खिडकीखालून, जुहू-तारा रोडवरून, रात्री दीड वाजता तुझ्याच वयाची पोरं मोटरसायकली उडवत जातात. मूळचे सायलेन्सर काढून त्या जागी फटफट वाजणारे पाईप लावलेले. खालच्या मजल्यावरचे काका हृदयाचे रुग्ण आहेत, ते दचकून उठून बसतात. मोटरीच्या धुराड्यातला सायलेन्सर काय आणि बंदुकीवरचा काय, दोघांचं तत्त्व एकच. वायू अडवायचा, दमवायचा, मग सोडायचा. हे तूच मला समजावलंस. म्हणजे बघ, जिथे सायलेन्सर असायलाच हवा तिथून आपण तो उपटून फेकतो, आणि जिथे चुकूनही नको तिथे बसवायला वह्या भरतो.

तुझा हात चांगला आहे, डोकंही चांगलं आहे. तुला वायूला वळण लावायचंच असेल तर त्या मोटरसायकलींना लाव. लग्नाच्या मांडवामागे धडधडणाऱ्या जनरेटरला लाव. मी तुला वही, पेन्सिल आणि वर पाच हजार रुपये देईन. बंदुकीला मात्र धक्का असू दे, आवाजही असू दे. चौपाटीवरच्या फुग्यांच्या बंदुकीला दोन्ही नाहीत म्हणून तुला मजा आली नाही ना? मग मजेचं नाही, तर निदान जबाबदारीचं ओझं तरी खऱ्या बंदुकीच्या खांद्यावरून काढून घेऊ नकोस.

हे त्याला फोनवर वाचून दाखवलं. थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "आजी, तू फारच सीरियस घेतलंस." घेतलंच आहे. पुढच्या रविवारी येतो म्हणालाय. भेळ मी देणार आहे.