आरतीनंतरचे दोन तास

गणेशोत्सवात चौकात दाखविले जाणारे चित्रपट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या पांढऱ्या पडद्याची आठवण करून द्यावयास नको. भर रस्त्यात तो बांधला जाई. समोर सतरंजीवर जागा मिळाली नाही, तर माणसे पडद्याच्या मागे बसत आणि उलटी अक्षरे वाचीत, डावखुऱ्या झालेल्या नायकाकडे पाहत त्याच गोडीने रंगून जात. पुढे १९८७ मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागर यांचे ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी ज्याच्याकडे संच असेल त्याच्या घरी अवघी आळी गोळा होई. कित्येक ठिकाणी त्या संचाला हार घालीत. त्या हारांना आज आपण हसतो. परंतु एका खोलीत दाटीवाटीने बसलेल्या माणसांनी एकच कथा एकाच वेळी अनुभवली, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी खचितच नाही.

गेल्या वर्षीची हकीकत. आमच्या घरी गणपतीच्या तिसऱ्या दिवशी सायंकाळची आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, प्रसाद वाटला गेला, आणि पाच मिनिटांत दिवाणखाना ओस पडला. बाहेर कोणीच गेले नव्हते. प्रत्येकाच्या हाती आपापला मोबाइल होता आणि जो तो आपापल्या कोपऱ्यात आपापली मालिका पाहत होता. समईपाशी आमची अक्का तेवढी बसून होती. वय वर्षे ऐंशी. तिने मला विचारले, ‘‘सगळे आलेत ना रे? मग आवाज कसा नाही?’’ मजजवळ उत्तर नव्हते.

लोकमान्य टिळकांनी १८९० च्या दशकात घरातला गणपती चौकात आणला, त्याला सार्वजनिक रूप दिले. आज चौकातला सिनेमा घरात आला आहे. परंतु घरात येऊनही तो घराचा झालेला नाही, एकेकट्याचा झाला आहे. दोष यंत्राचा नव्हे. इतके उत्तम चित्रपट घरबसल्या पाहावयास मिळणे हे भाग्यच होय. प्रश्न आहे तो निवडीचा आणि एकत्र बसण्याचा. म्हणून या दहा दिवसांसाठी काही नावे सुचवितो.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. सणाच्या दिवसांत पाहावयाचे म्हणजे मुकुट, रथ आणि चमत्कार असलेलेच, असे नव्हे. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ आजही ताजा वाटतो, तो त्यातील पुष्पक विमानामुळे नाही. आजारी लेकरासाठी कासावीस होऊन थेट विठोबावर पायताण उगारणारी जिजाई त्यात आहे, म्हणून. दामले आणि फत्तेलाल यांनी देवाच्या चित्रपटात भुकेल्या संसाराची बाजू इतक्या प्रामाणिकपणे मांडली. हीच कसोटी आपण नव्या कृतींना लावावी.

त्या कसोटीस उतरणारा पहिला चित्रपट म्हणजे निखिल महाजन यांचा ‘गोदावरी’ (२०२२). नाशिकच्या नदीकाठच्या वाड्यांची भाडी गोळा करणारा निशिकांत देवावर, नदीवर आणि घरच्यांवर सारखाच रुसलेला आहे. आपले दिवस थोडे उरले आहेत हे कळल्यावर तो त्याच घराकडे कसा वळतो, हे जितेंद्र जोशी यांनी फार संयमाने दाखविले आहे. विक्रम गोखले यांचे आजोबा आणि नीना कुळकर्णी यांची आई पाहताना घरातील वडीलधाऱ्यांकडे आपली नजर आपोआप जाते. त्यांच्यासह पाहावा असाच हा चित्रपट आहे.

मुले बरोबर असतील, तर अभिजीत वारंग यांचा जेमतेम सव्वा तासाचा ‘पिकासो’ (२०२१) लावावा. चित्रकलेच्या शिष्यवृत्तीसाठी निवड झालेला कोकणातील गंधर्व आणि व्यसनात बुडालेला त्याचा दशावतारी बाप, एवढीच कथा. रंग चढवून देव होणारा माणूस रंग उतरल्यावर कोण असतो, हा प्रश्न मुलांनाही कळतो.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ (२०२०) मात्र मुले निजल्यावर पाहावा, कारण त्यातील काही प्रसंग प्रौढांचे आहेत. व्हेनिसच्या महोत्सवात या मराठी चित्रपटाच्या पटकथेला पारितोषिक मिळाले. शास्त्रीय गायनाला आयुष्य वाहूनही सिद्धी न लाभलेल्या शिष्याची ही कहाणी आहे. साधनेचे फळ मिळालेच पाहिजे, असे मानणाऱ्या आपल्या भक्तीला ती अस्वस्थ करते. मंदगती आहे, परंतु घाई नसलेल्या रात्री ती मनात खोल उतरते.

मालिकाच हवी असेल, तर हिंदीतील ‘पंचायत’ घ्यावी. २०२० च्या पहिल्या पर्वाचे भाग आठच आहेत. रोज एक पाहिला तरी विसर्जनापूर्वी संपतात. फुलेरा गावात नाइलाजाने आलेला ग्रामसचिव हळूहळू तिथला कसा होतो, याची ही हसरी गोष्ट आहे. भाषा क्वचित शिवराळ होते, एवढे ध्यानी असावे.

यादी येथेच थांबवितो. यांतील दोन जरी सर्वांनी मिळून पाहिले, तरी पुष्कळ झाले. पथ्य एकच. चित्रपट संपताच पुढचे काही आपोआप सुरू होते, ते बंद करावे. चौकात चित्रपट संपल्यावर सतरंज्या गुंडाळता गुंडाळता वाद रंगत. खरे पाहणे तेथेच होई. घरीही ती पंधरा मिनिटे राखून ठेवावीत. कोणास आवडले नाही, त्याने का ते सांगावे. नातवाने आजोबांचे म्हणणे खोडून काढावे.

यंदा आमच्याकडे तिसऱ्या दिवशी आरतीनंतर ‘गोदावरी’ लागणार आहे. अक्काला ऐकू कमी येते. तेव्हा मध्ये मध्ये थांबवून कोणी तरी तिला संवाद सांगावा लागेल. दोन तासांचे तीन होतील. होऊ देत. घरात आवाज तरी असेल.