चिनी भाषा हवी, परीक्षेची घाई नको

उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यांत आणि अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत राबणारे, बदलापूरहून पहाटेची लोकल गाठणारे पालक आम्हांस विचारतात : मुलांना तिसरी-चौथीपासूनच चिनी भाषेच्या परीक्षेला बसवावे काय? या प्रश्नामागील आस आम्ही जाणतो. शालेय जीवनात बाबासाहेबांना अस्पृश्य म्हणून संस्कृत नाकारले गेले; त्यांना फारसी घ्यावी लागली. त्यामुळे कोणत्याही भाषेचे दार आपल्या मुलांना बंद असावे, हे आम्हांस मान्य नाही.

शिवाय चिनी भाषा बौद्धांना परकी नाही. भारतात लुप्त झालेले कितीतरी बौद्ध ग्रंथ चिनी अनुवादांतूनच टिकले. सातव्या शतकातील, दुसऱ्या पुलकेशीच्या काळातील महाराष्ट्राचे वर्णन आपणांस युआन श्वांगच्या प्रवासवृत्तातून मिळते.

परंतु भाषा वेगळी आणि परीक्षा वेगळी. चिनी भाषेत ‘मा’ हा एकच उच्चार, सूर बदलताच कधी ‘आई’ होतो, तर कधी ‘घोडा’. हे सूर कोवळा कान चटकन टिपतो. त्यासाठी गाणी, गोष्टी व खेळ हवेत. शालेय मुलांच्या ‘वायसीटी’ परीक्षेच्या पहिल्या पातळीला अवघे ८० शब्द पुरतात. तेवढे शिकवणी लावून घोकून घेतले, तर प्रमाणपत्र हाती येईल, भाषा येणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरासाठी उल्लेखिलेल्या परकीय भाषांतही चिनीचे नाव नाही. मग घाई कशासाठी?

इतिहासाची साक्ष पाहावी. फाहियान प्रौढ वयात भारतात आला आणि पाटलिपुत्रात तीन वर्षे राहून संस्कृत शिकला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासह चीनला गेले व जखमींची शुश्रूषा करता करता चिनी शिकले. वय त्यांच्या आड आले नाही. मुलांच्या आड येतो तो कच्चा पाया.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. प्राथमिक वर्गांत मराठीचे वाचन-लेखन आधी पक्के व्हावे. योग्य शिक्षक लाभल्यास चिनी भाषा आठवड्यातून दोन तास, सर्व मुलांच्या कानांवर विनाशुल्क पडावी. परीक्षा आठवीनंतर, आणि ज्याला हवी त्यानेच द्यावी. काल जातीने भाषा नाकारली. उद्या ती शुल्काने नाकारली जाऊ नये, एवढी दक्षता आपल्या निवासी शाळांनी अवश्य घ्यावी.

जय भीम!