आंबागडच्या आईबापांनो, धानाचा पैसा भंगारात घालू नका!



परवा भर चौकातून फायनान्सवाल्यांनी एका पोराची जुनी घेतलेली गाडी ओढून नेली. पोरगा एकोणीसचा. धानाचे चुकारे आले तसे बापाने दलालाच्या हातावर मोजले. आधीच्या मालकाचं कर्ज आरसीवर छापलेलं होतं. वाचलं कोणी? रंग बघितला, गाण्यांचा आवाज बघितला, नारळ फोडला!

ही पहिली वेळ नाही. गावात आलेल्या मागच्या जुन्या गाडीच्या सीटखाली पुराचा गाळ निघाला होता. ऑगस्ट 2020 अखेर वैनगंगा भंडाऱ्यात शिरली, 23 सप्टेंबर 2023 ला नागपुरात कितीतरी कार बुडाल्या. सगळ्या भंगारात गेल्या असं वाटतं का? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, मातीचा डाग तिथे राहतो. मॅटिंग उचला, सीटचे बोल्ट गंजलेत का बघा, वास घ्या. बैलाचे दात मोजून घेणारी माणसं आपण. गाडीपुढेच डोळे का मिटतात?

"ओळखीचाच माणूस आहे." मग मालकी बदलाच्या फॉर्म 29, 30 वर सही द्यायला तो का लाजतो? "एअरबॅग शहरात लागते." डोंगरी-चिखल्याच्या मँगनीजचे ट्रक काय शहरात धावतात? नवशिक्याचा पाय ब्रेकवर घाबरून पडतो, तेव्हा एबीएस नसलेली गाडी घसरते. अलॉय व्हीलला पैसे आहेत, एबीएस-एअरबॅगला नाहीत!

म्हणून गाडी जुलै 2019 नंतर बनलेलीच बघा. तोवर एबीएस आणि चालकाची एअरबॅग प्रत्येक नव्या कारला सक्तीची झाली होती. लहान इंजिनची घ्या. एमपरिवहनवर नंबर टाका, कर्ज दिसलं तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. इंजिन थंड असताना स्वतः चालू करा. सर्व्हिसची बिलं मागा, किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो. विमाही नावावर करा. अन् पोराला अठरा पुरी नसतील तर चावीच नाही. 2019 पासून पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे, तेव्हा सरपंचाला फोन लावू नका.

आंबागड किल्ल्यावरची झुडपं तोडायला आमच्या गावच्या मंडळाची पोरं उन्हातान्हात जातात, कोणाकडे चहाही मागत नाहीत. तुमच्या गाड्यांची तपासणीही तशीच फुकट करू. रविवारी सकाळी 10 वाजता ग्रामपंचायतीसमोर तुमसरचा मेकॅनिक येतोय, त्याची मजुरी मंडळ देईल. ज्यांनी गाडी घेतली आणि ज्यांचं ठरतंय, दोघांनीही यावं. आरसी मूळ आणा, झेरॉक्स नको.