तरवडाला पिशवीत कशाला लावायचं?



जुलै आला की आपल्या सगळ्यांच्या शाळांतून वृक्षदिंडी निघते. मुलं घोषणा देतात, विकत आणलेली गुलमोहर-अशोकाची रोपं लागतात, फोटो ग्रुपवर जातात. आणि मार्चमध्ये? नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यात शाळा असेल तर झाडं जगतातही. पण बारामती-इंदापूरच्या जिरायती गावात पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात प्यायलाच टँकर, तिथे मुलांच्या बाटलीतल्या उरलेल्या पाण्यावर किती रोपं जगणार? आमच्याकडे एका वर्षी पंचवीस खड्ड्यांतली दोन जगली. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपं लावली. खोटं कशाला बोलू, फोटो मीच काढले होते.

म्हणून माझं मत असं झालंय की जिरायती गावातल्या शाळेनं बाहेरची रोपं आणणं थांबवावं आणि आपल्याच शिवारातलं बी मुलांच्या हातून रुजवावं. सुरुवात तरवडापासून करावी.

वर्गात हे सांगितलं तेव्हा चौथीतला एक जण म्हणाला, "मॅडम, ते तर रानात आपोआप येतंय की! त्याला पिशवीत कशाला लावायचं?"

प्रश्न बरोबर होता. पण याच वर्गानं 'माझा गाव' निबंधात लिहिलं होतं, "गावाबाहेर ओसाड माळ आहे, तिथे काही नाही." बऱ्याच वह्यांत तेच. काही नाही कसं? सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात आणि इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर चिंकारा राहतो, तो अशाच गवता-झुडपांच्या आधारानं. नवरात्रात घटाला जी पिवळी माळ चढते, ती तरवडाच्या फुलांची असते. याच्या सालीनं पूर्वीपासून कातडी कमावतात. शेजारच्या तेलंगणानं तर याच फुलाला राज्यफुलाचा मान दिलाय. तिकडे त्याला तंगेडू म्हणतात आणि बतुकम्माच्या सणात ते लागतंच. आपल्याकडे मात्र बांध साफ करताना पहिला कोयता यालाच.

आता बियांचं. पहिल्या वर्षी आम्ही शेंगा फोडून बी सरळ पिशव्यांत टोचलं. चाळीसातली तीन उगवली. मुलं हिरमुसली, मीही. तरवडाच्या बियांचं कवच टणक असतं, पाणी लवकर आत शिरत नाही. पण तोच तर धडा आहे! पहिल्या हलक्या सरीत सगळं बी उगवलं आणि पुढे पावसानं ओढ दिली, तर सगळीच रोपं जळतील. म्हणून काही बी यंदा, काही पुढच्या वर्षी उगवतं. दुष्काळी भागातल्या झाडाचा हा हिशेब मुलांना लगेच कळतो, कारण घरी बाजरीची दुबार पेरणी त्यांनी पाहिलेली असते.

दुसऱ्या वर्षी तपकिरी, वाळलेल्या चपट्या शेंगा गोळा केल्या. किडक्यांच्या बियांना भोक असतं, ती बाजूला काढली. पाणी उकळून खाली उतरवलं, थोडं निवल्यावर त्यात बी टाकून रात्रभर ठेवलं. (गरम पाणी मोठ्यांनीच ओतायचं, हे सांगायला नकोच.) सकाळी काही बी टम्म फुगलेलं, काही जसंच्या तसं. न फुगलेलं मुलांनी पॉलिश पेपरवर हलकेच घासून पुन्हा भिजवलं. मुरूम आणि मातीत अर्ध्या पेराइतकं खोल लावलं. साधारण आठवड्याभरात कोंब दिसायला लागले. या वेळी निम्म्याहून जास्त उगवलं.

एक चूक मात्र तेव्हाही झाली. रोपं पिशवीत फार दिवस ठेवली. याचं सोटमूळ खाली धावतं, पिशवीच्या तळाशी गुंडाळलं गेलं की झाड पुढे धड धरत नाही. म्हणून आता निम्मं बी आम्ही पहिला चांगला पाऊस झाला की कुंपणाकडेला थेटच टोकतो. पिशव्या फक्त रोज बघायला, वहीत उंची लिहायला. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर त्यालाच असं मिळालं.

शेळ्या तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे काटेरी फांद्यांचा खर्चही वाचतो. फुलं आल्यावर भुंगे येतात. भुंगा फुलाला लटकून घूं घूं करत थरथरतो आणि परागकण बाहेर झटकले जातात. परिसर अभ्यासाचा तो तास फळ्यावर होत नाही.

पालकांना एक विनंती. मूल खिशात शेंगा भरून आलं तर ओरडू नका. आणि शिक्षकांना एक सांगणं, उत्साहाच्या भरात गवताळ माळावर जाऊन खड्डे घेऊ नका. तो माळ तसाच हवा आहे. शाळेचं कुंपण, बांध, रस्त्याची कड एवढं आपल्याला पुष्कळ आहे.

वृक्षारोपणाच्या माहितीत 'लावलेली झाडे' हा रकाना आम्ही कायम भरत आलो, 'मे महिन्यात जिवंत' असा रकाना मला कधी भेटला नाही. तो आता मुलांनी स्वतःच्या वहीत आखलाय. गेल्या मे महिन्यात त्यात चौदा हा आकडा आहे.