वेदीची कापडे धुणाऱ्या हातांना मतही हवे

शनिवारी दुपारी आत्या चर्चमधून पिशवी घेऊन यायची. पिशवीत मिस्सेचा प्याला पुसायची पांढरी कापडे असत. ती आधी वेगळ्या पातेल्यात बुडवून पिळायची आणि ते पहिले पाणी मोरीत कधीच जाऊ द्यायची नाही. परसातल्या जास्वंदीच्या बुंध्याशी ओतायची. ख्रिस्ताच्या रक्ताचा अंश त्यात असतो, म्हणायची. मग साबण, खळ, इस्त्री आणि घड्या. तीस वर्षे हे चालले. त्या तीस वर्षांत आमच्या धर्मग्रामाच्या अर्थसमितीवर एकही बाई आली नाही. नवा प्याला घ्यायचा की छप्पर दुरुस्त करायचे, हे पुरुष ठरवत.

ख्रिस्तसभेत स्त्रियांना बरोबरीचे स्थान हवे, असे म्हटले की पहिले उत्तर ठरलेले असते: हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. मग २०१० साली भारताच्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने स्त्री-पुरुष समतेचे धोरण जाहीर केले, ते कुठून आले? त्याआधी दोन वर्षे जमशेदपूरला याच बिशपांची महासभा स्त्रियांच्या सक्षमीकरणावर भरली होती. धोरणाच्या मसुद्यावर मुंबईच्या अ‍ॅस्ट्रिड लोबो गाजीवाला यांच्यासारख्या इथल्याच स्त्रियांनी काम केले. पुण्यातली ‘स्त्रीवाणी’ ही संस्था तर १९८२ पासून हेच सांगत आली आहे. बाहेरून आलेलेच शोधायचे तर १८६९ चा ख्रिस्ती घटस्फोटाचा कायदा पाहा. तो इंग्रजांनी आणला. पतीला पत्नीचा व्यभिचार तेवढा सिद्ध केला की पुरे. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. तो भेद पुसायला २००१ साल उजाडले. विषमता आयात झाली होती. तिच्याविरुद्धचा लढा इथला आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, म्हणून त्याला टाळणार नाही. येशूने बारा पुरुषच निवडले आणि १९९४ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा देण्याचा अधिकार ख्रिस्तसभेला नाही, असे पत्राने जाहीर केले. पत्र आहे, आणि त्याचा आशय स्पष्ट आहे. माझे मत विचाराल तर त्या प्रश्नाचाही पुन्हा विचार व्हावा. केवळ नव्या करारावरून हा प्रश्न कायमचा सुटत नाही, असे पोपांच्याच बायबल आयोगातल्या विद्वानांचे १९७६ मध्ये मत पडले होते. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. ते पत्र दीक्षेबद्दल आहे. आपल्याकडे मात्र त्याच पत्राचे कुलूप जमाखर्चाच्या वहीला लावले जाते, धर्मप्रांताच्या न्यायालयाला लावले जाते, धर्मशास्त्र शिकवण्याला लावले जाते. यातली एकही गोष्ट स्त्रीला निषिद्ध नाही. ख्रिस्तसभेचा कायदा बिगरधर्मगुरूंना न्यायाधीश होऊ देतो. वाचक आणि वेदीसेवक ही अधिकृत पदे जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी स्त्रियांना खुली केली. स्त्रियांना डिकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालोखालचे दीक्षित सेवक, करण्याचा प्रश्न तर २०२४ च्या सिनॉडच्या, म्हणजे रोममधल्या जागतिक धर्मसभेच्या, अंतिम दस्तऐवजानेच खुला ठेवला.

आणि बारांचेच बोलायचे तर पुनरुत्थानाची बातमी प्रभूने प्रथम कोणाच्या हाती दिली? मरिया माग्दालेनाच्या. इसवी सन ५९१ मध्ये पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिची आणि शुभवर्तमानातल्या पापी स्त्रीची गल्लत केली आणि पुढे शतकानुशतके लोकांनी तिला वेश्या म्हणूनच ओळखले. २०१६ साली तिचा २२ जुलैचा दिवस प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीला नेण्यात आला. संत पौल रोमकरांना लिहिताना प्रेषितांमध्ये नामांकित अशा जुनियाचा उल्लेख करतो. चौथ्या शतकातले संत जॉन क्रिसोस्तोम तिची स्तुती स्त्री म्हणूनच करतात. नंतरच्या लोकांनी तिचे नाव ‘जुनियास’ करून तिचा पुरुष केला. म्हणजे आम्ही काही नवे मागत नाही. जे पुसले गेले ते परत लिहा, एवढेच म्हणतो.

पवित्र मरियेला आपण एवढा मान देतो, मग बायकांना आणखी काय हवे, असेही विचारतात. मी रोज रोझरी म्हणते, म्हणूनच सांगते. देवदूताने होकार मरियेलाच विचारला. तिच्या वडिलांना नाही, योसेफालाही नाही. तिच्या स्तोत्रात सत्ताधीश सिंहासनावरून खाली येतात. अशा स्त्रीचे नाव घेऊन मुलींना गप्प बसवणे हा तिचा अपमान आहे.

एक प्रश्न माझ्या स्त्रीवादी मैत्रिणींचाही असतो: अशा संस्थेत राहता तरी कशाला? कारण ती संस्था धर्मगुरूंच्या मालकीची नाही. स्नानसंस्काराने ती माझीही झाली. आविलाच्या संत तेरेसाच्या लेखनाची धर्मन्यायपीठाने चौकशी केली. ती बाहेर पडली नाही, मठांमागून मठ उभारत राहिली आणि १९७० मध्ये ख्रिस्तसभेची आचार्या ठरली. २०२३ च्या सिनॉडमध्ये पन्नासहून अधिक स्त्रियांनी प्रथमच मतदान केले. जानेवारी २०२५ मध्ये सिस्टर सिमोना ब्राम्बिल्ला व्हॅटिकनच्या एका विभागाच्या प्रमुख झाल्या. हे रोममध्ये होते आणि आपल्या पॅरिश कौन्सिलमध्ये होत नाही, याला कोणतीही शिकवण जबाबदार नाही. जबाबदार आहे आपली सवय.

तेव्हा वसईतल्या, मुंबईतल्या, गोव्यातल्या माझ्या बहिणींनो, पुढच्या सभेत तीन गोष्टी विचारा. अर्थसमितीवर स्त्रिया किती? २०१० च्या धोरणाची प्रत कार्यालयात आहे का? पॅरिशच्या शाळेत लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार तक्रार समिती नेमली आहे का? उत्तरे लिहून घ्या. आणि पवित्र गुरुवारी पाय धुण्यासाठी वेदीसमोर खुर्च्या मांडल्या जातील, तेव्हा लक्षात ठेवा की जानेवारी २०१६ च्या आदेशापासून त्यांवर स्त्रियाही बसू शकतात. यंदा तिथे कोण बसणार, हे फादरांना आत्ताच जाऊन विचारा.