तारीख न मिळालेला कायदा

१३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला बाहेर पडलेल्या सतीश शेट्टी यांची तळेगाव दाभाडे येथे हत्या झाली. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगतच्या जमिनींचे संशयास्पद व्यवहार त्यांनी माहितीच्या अधिकारात बाहेर काढले होते. जिवाला धोका आहे, संरक्षण द्या, असे त्यांनी पोलिसांना आधीच कळवले होते. ते मिळाले नाही. तपास सीबीआयकडे गेला. २०१४ मध्ये प्रकरण बंद करण्याचा अहवाल आला, मग तपास पुन्हा सुरू झाला आणि २०१८ मध्ये पुन्हा बंद करण्याचाच अहवाल आला.

त्याच २०१० च्या २० जुलैला अमित जेठवा यांना अहमदाबादेत, तेही उच्च न्यायालयासमोर, गोळ्या घातल्या गेल्या. गीर अभयारण्याच्या परिसरातील बेकायदा खाणींविरुद्ध ते लढत होते. खटल्यात १९५ पैकी १०५ साक्षीदार फितूर झाले. वडिलांनी पाठपुरावा सोडला नाही म्हणून फेरसुनावणी झाली. २०१९ मध्ये माजी खासदारासह सात जणांना जन्मठेप झाली आणि २०२४ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने सातही जणांना निर्दोष सोडले. मग जेठवांना मारले कुणी, हा प्रश्न विचारायला आता त्यांच्या घरच्यांनी कोणते दार ठोठावायचे?

अशा माणसांसाठी या देशात कायदा आहे. महामार्गाच्या कामातील भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवणारे अभियंते सत्येंद्र दुबे २००३ मध्ये गयेत मारले गेले. नाव गुप्त ठेवा, ही त्यांची विनंती होती. पत्र नावासकट खात्यांतून फिरले. त्या संतापातून जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा घडला. राज्यसभेने तो फेब्रुवारी २०१४ मध्ये मंजूर केला, मे महिन्यात राष्ट्रपतींची संमती मिळाली. तक्रारदाराचे नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, छळ झाल्यास दाद, गरज पडल्यास पोलीस संरक्षण, हे सारे त्यात आहे. फक्त तो कोणत्या दिवसापासून लागू होणार, ती तारीख केंद्राने अधिसूचनेने ठरवायची होती. दहा वर्षे उलटली, अधिसूचना निघालेली नाही. २०१५ मध्ये सरकारने दुरुस्ती विधेयक आणले. ते लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेत रखडले आणि २०१९ मध्ये बाद झाले. संसदेने संमत केलेला कायदा सरकारने असा बासनात बांधून ठेवणे ही दिरंगाई नव्हे. हा निर्णय आहे, आणि त्याची किंमत माहितीचा अर्ज करणारा मोजतो.

ती रोज कशी मोजली जाते, हे तालुक्याच्या गावी जाऊन पाहावे. अर्ज दुपारी कार्यालयात पोहोचतो आणि संध्याकाळी ज्याच्याविरुद्ध माहिती मागितली त्याचा माणूस घरी येतो. पत्ता त्याला कार्यालयातूनच मिळालेला असतो. आधी गोडीगुलाबी, मग पैसे, मग मुलांच्या शाळेची चौकशी. नातेवाईक म्हणतात, तुला काय पडलंय? पोलीस ठाण्यात ‘खंडणीखोर’ हा शिक्का तयार असतो. माहितीच्या नावावर पैसे उकळणारे आहेत, त्यांना जरूर पकडा. पण त्यांच्याकडे बोट दाखवून बाकीच्यांना वाऱ्यावर सोडणे हा गुन्हेगारांना दिलेला आधार आहे.

अधिसूचना काढायला केवळ एका सहीची गरज आहे. ती होईपर्यंतही हात बांधलेले नाहीत. अर्जदाराला पत्त्याऐवजी टपालपेटीचा क्रमांक देता यावा, असे कोलकाता उच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितले आहे. प्रत्येक कार्यालयाने ते पाळावे. माहिती मागणाऱ्यावर हल्ला झाला, तर त्याने मागितलेली माहिती खात्याने स्वतःहून जाहीर करावी, असा ठराव केंद्रीय माहिती आयोगाने २०११ मध्ये केला. महाराष्ट्रातही हा दंडक सक्तीने पाळला जावा: हल्ल्याची नोंद होताच, आठवड्याच्या आत, त्या अर्जातला प्रत्येक कागद संकेतस्थळावर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर.